पंचवीस जूनचे श्रीखंड

खऱ्या बर्फाचा कण माणसाच्या गालावर पडला की आधी त्याच्या कडा मऊ होतात, मग तो आक्रसतो आणि शेवटी तिथे पाण्याचा एक ठिपका उरतो. बाहेर कितीही थंडी असली तरी गाल ऊबदार असतो. टीव्हीवरच्या कोरियन शिपायाच्या गालावर पडलेला कण मात्र त्याचे बोलणे संपेपर्यंत जसाच्या तसा होता. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती. ती खरी होती, कारण लांब शब्दाला लांब आणि छोट्या शब्दाला तोकडी निघत होती. म्हणजे चित्रीकरणाच्या दिवशी थंडी खरी होती, बर्फ तेवढा खोटा होता.

मी हे सासूबाईंना सांगितले.

“मधुवंती,” त्या म्हणाल्या, “तू सिनेमा बघतेस की तपासतेस?”

“दोन्ही.”

“मग तपासणं नंतर कर. तो काय म्हणाला ते आधी सांग.”

तो म्हणाला होता की माझा धाकटा भाऊ समोरच्या टेकडीवर आहे आणि त्याच्या पायात धड बूट नाहीत. समोरच्या टेकडीवर म्हणजे शत्रूकडे. मी हे मराठीत सांगितले तेव्हा आई पुढे सरकून बसल्या आणि त्यांनी शालीत हात गुंडाळून घेतले. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबाचा हिवाळा पुण्याच्या माणसाला सिनेमातल्या बर्फाइतका खोटा वाटत नाही.

आमचा शनिवार दुपारचा हा कार्यक्रम मार्चपासून चालू होता. माझा नवरा मिहिर इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे आणि त्याच्या शिफ्टना वार माहीत नसतात. मी युनीत, म्हणजे इथल्या विद्यापीठात, मातीवर काम करते. या भागातली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ती किती फुगते हे मोजणे हे माझे काम. आठवडाभर आम्ही दोघे बाहेर आणि आई घरात. इथे बस क्वचित येते, गाडी त्यांना येत नाही. म्हणून शनिवारची दुपार मी त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. आधी एक प्रेमकथा लावून पाहिली, तर त्या कंटाळल्या. “हे लोक एकमेकांकडे नुसते बघत बसतात. विचारा की एकदा काय ते!” मग चुकून एक युद्धपट लागला आणि आम्ही तिथेच अडकलो.

आईंचे, म्हणजे शैलाबाईंचे, इंग्रजी चांगले आहे. पण त्या वाक्य मन लावून वाचतात, आणि सबटायटलला तेवढा धीर नसतो. म्हणून मी ती मोठ्याने मराठीत सांगायची. शिपाई असो, सेनापती असो, मरणारी म्हातारी असो, सगळ्यांचा आवाज माझाच. आई म्हणायच्या की माझ्या आवाजात सगळेच जण परीक्षेचा निकाल वाचल्यासारखे मरतात.

त्या पुण्यात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवत. कोरिया त्यांनीही शिकवला होता, शीतयुद्धाच्या धड्यातला अर्धा परिच्छेद.

“अडतिसावा अक्षांश,” त्या एकदा म्हणाल्या. “गाळलेल्या जागा भरा, यात हमखास. एक गुण. देशाचे दोन तुकडे करणारी ती रेघ कोणाच्या परसातून गेली असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.”

सुरुवातीला त्यांना हे सिनेमे शिस्तीचे वाटत नसत. “कारणं कुठायत? इतिहास म्हटला की आधी कारणं, मग घटना, मग परिणाम. हे लोक एकदम घटनेतच घुसतात.”

“आई, गावातल्या बाईला कारणं कुठून माहीत असणार?”

पुढच्या शनिवारी टीव्ही लावायच्या आधीच म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे. कारणं तिला माहीत नसतात. परिणाम मात्र पाठ असतात.”

मिहिर घरी असला की जमिनीवर लोळत बघायचा. एकदा त्याने विचारले, “आई, यांचा हीरो नक्की कोणता?”

“तो बटाटे सोलतोय तो.”

“हा? याची एंट्री कधी झाली?”

“तेच तर. आपल्याकडे नायक यायचा म्हणजे आधी घोडा, मग धूळ, मग तुतारी, मग ढग बाजूला होतात. यांचा नायक बटाटे सोलताना सापडतो.”

थोड्या वेळाने त्या नायकाला छातीत गोळी लागली आणि तो आईचा निरोप सांगू लागला. मिहिर उठून बसला. “याच्या लंगमध्ये गोळी आहे, मेट. एवढं लांब भाषण?”

“झालं,” आई म्हणाल्या. “घरात तपासनीस दोन झाले.”

युद्धपट संपले तेव्हा आम्ही काळात मागेपुढे सरकलो. मागे जपान्यांच्या राजवटीवरचे सिनेमे होते. त्यातला एक शाळामास्तरावरचा होता. त्याला वर्गातल्या मुलांना सक्तीच्या जपानी नावांनी हाक मारावी लागते आणि हजेरी घेताना त्याचा आवाज रोज थोडा खाली जातो. पुढे होते ते त्यांच्याच लष्करशाहीवरचे, ज्यात मारणारेही त्यांचे आणि मरणारेही त्यांचेच.

“हे सरकारनं दाखवू दिलं?” आईंनी विचारले.

“लोकांनी तिकिटं काढून पाहिलं म्हणे.”

“आणि मोर्चा?”

“मोर्चा सिनेमात आहे, आई.”

“नाही गं, सिनेमावर.” मग त्या म्हणाल्या, “शाळेत मी नेहमी सांगायची, इतिहासाकडे ताठ मानेनं बघा. हे लोक मान खाली घालूनही बघतात. जमतं की तसंही.”

इथपर्यंत सगळे मजेत चालले होते. घरात एक प्रश्न होता, तेवढा मात्र कोणी काढत नव्हते. आईंचा व्हिसा ऑगस्टअखेरपर्यंत होता. त्यानंतर त्या राहणार की जाणार?

मिहिरचे बाबा गेल्यावर त्या पुण्यात एकट्याच असत. मिहिरने त्यांना विमानतळावरच मिठी मारून “आता इथंच राहायचं हं,” असे म्हटले होते, पण विमानतळावर सगळेच तसे म्हणतात. आईंनी तेव्हा “बघू” म्हटले होते. जून उजाडला तरी ते बघणे चालूच होते.

एवढ्यात अनुष्का आली, म्हणजे तिचा निरोप आला. मिहिरचा चुलतभाऊ हृषिकेश, त्याची ही मुलगी. तिला इथल्या युनीत सप्टेंबरच्या सत्रात प्रवेश मिळाला होता. कोविडनंतर सीमा पुन्हा उघडल्यापासून निम्मी दुनिया शिकायला ऑस्ट्रेलियात लोटली होती. माझ्या लॅबमध्ये जिथे मागच्या वर्षी बाके रिकामी होती, तिथे आता मुले भिंतीला टेकून उभी राहायची. गावात भाड्याची खोली मिळेना. आमच्या गल्लीत एका घराच्या गॅरेजमध्ये नेपाळची मुले राहत होती आणि गाडी बाहेर दवात भिजत होती. अनुष्काची भिस्त आमच्या तिसऱ्या खोलीवर होती. त्या खोलीत आई राहत होत्या.

“काकू, नो प्रेशर हं,” ती व्हॉइस मेसेज पाठवायची, “पण रूमचं काही ठरलं का? ती दुसरी लँडलेडी म्हणतेय जून-एंडच्या आत सांग. ती रूम हायवेच्या पार पलीकडे आहे आणि बस म्हणे असून नसल्यासारखी. मला सायकलपण नीट येत नाही, यू नो. पण नो प्रेशर.”

आता हे विचारायचे कोणी? “आई, तुम्ही कधी जाणार?” हा प्रश्न सुनेने विचारला तर त्याचा एकच अर्थ होतो. मुलाने विचारला तर तो सुनेने विचारायला लावला असा होतो. “तुम्ही राहाच” म्हणावे, आणि त्यांना जायचे असले, तर त्या भिडेपोटी अडकणार. आईंचीही तीच पंचाईत होती. जाते म्हटले तर तिकडे काहीतरी बिनसले, ही बातमी विमानाच्या आधी पुण्यात पोचणार. राहते म्हटले तर नातीची खोली अडवली. अनुष्काची आजी सुधाकाकू म्हणजे आईंची सख्खी जाऊ, त्यामुळे खोलीचे सगळे त्यांना माहीत होते. त्यांना माहीत आहे हे आम्हाला माहीत होते. हेही त्यांना माहीत असणार.

रात्रीच्या जेवणाला हा विषय टेबलाच्या अगदी कडेपर्यंत यायचा. आई म्हणायच्या, “ऑगस्टात इथं थंडी कमी होते का रे?” मी म्हणायची, “सप्टेंबरात फुलं छान येतात, आई, फ्लॉवर फेस्टिव्हल असतो.” म्हटल्यावर मला वाटायचे, हे राहा म्हटल्यासारखे झाले की तोवर नसाल म्हटल्यासारखे? आणि मिहिर म्हणायचा, “आई, आमटी मस्त झालीय.”

मला स्वतःला त्या राहायला हव्या होत्या. आधी मला तसे वाटले नव्हते. मी मुळात कमी बोलते, आणि आठवड्यातली एक दुपार दुसऱ्यांची वाक्ये बोलता बोलता आईंशी माझे जितके बोलणे झाले तितके लग्नाच्या आधी आणि नंतर मिळून झाले नव्हते. पण “तुम्ही राहा” असे मी म्हटले असते तर ते सुनेने म्हणायचे वाक्य झाले असते. खरे वाक्य आणि म्हणायचे वाक्य दिसायला अगदी सारखीच असतात.

घराजवळच्या छोट्या शॉपिंग सेंटरात एक सुशीचे दुकान आहे. आई सकाळी पायी फिरायला तिथपर्यंत जायच्या. दुकान चालवते ती कोरियन बाई साठीची, ठेंगणी, भरभर हात चालणारी. गिऱ्हाइकांसाठी तिचे नाव ग्रेस. आईंनी पहिल्याच आठवड्यात तिचे खरे नाव काढून घेतले, ह्येसुक, आणि तिला ‘ह्येसुकबाई’ म्हणायला सुरुवात केली. ती आईंना ‘शायला’ म्हणायची. दोघींच्या इंग्रजीत वेग नव्हता, त्यामुळे त्यांचे चांगले जमले.

एकदा मी बरोबर असताना आईंनी तिला विचारले, “सुशी जपानी. जपाननं तुमच्यावर पस्तीस वर्षं राज्य केलं. आणि तुम्ही त्यांचंच जेवण विकता?”

मी ॲव्होकाडोच्या रोलकडे बघत उभी राहिले. ग्रेस मात्र हसली. ती म्हणाली की ऑसी लोकांना आधी सुशीच कळली, आमचे जेवण त्यांना आत्ता कुठे कळू लागले आहे. “अँड शायला, दे पे मी. आय डोन्ट पे देम.”

“वा!” आई मला म्हणाल्या. “हे कुठल्याच सिनेमात नाही.”

जूनच्या मध्यावर आई सकाळी फोन घेऊन स्वयंपाकघरात आल्या. “मधुवंती, पंचवीस जून हा यांचा मोठा दिवस दिसतोय. बघ, झेंडे, सलामी, फुलं. त्या दिवसाला नुसतं ‘सहा-दोन-पाच’, सहावा महिना, पंचवीस तारीख, असंच म्हणतात. आपण पंधरा ऑगस्ट म्हणतो ना, तसं. नुसत्या तारखेवर ओळखला जातो म्हणजे केवढा दिवस असेल!”

“रविवार आहे,” मी कॅलेंडर बघून म्हणाले.

“मग ह्येसुकबाईंना जेवायला बोलवू. परदेशात एकटी बाई, तिचा राष्ट्रीय सण, आणि ती बिचारी काकड्या कापत बसणार. जेवण करू, मग त्यांचाच एक सिनेमा लावू. मान दिल्यासारखं होईल.”

इतिहासाच्या बाबतीत आईंचे म्हणणे पुन्हा तपासून बघण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती.

शनिवारी त्यांनी श्रीखंडाचा घाट घातला. दुकानातले ग्रीक योगर्ट टांगायला मलमल सापडेना, तेव्हा मिहिरच्या जुन्या सुती झब्ब्याची बाही कापून धुऊन घेतली. चक्का रात्रभर लाँड्रीच्या नळाला लटकत होता. रविवारी सकाळी पुऱ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. दाराशी आईंनी छोटी रांगोळी काढली. ती वाऱ्याने पाहुणी येण्याआधीच शेजारच्या ड्राइव्हवेवर नेली.

ग्रेस नवऱ्याला दुकानात बसवून बाराच्या सुमाराला आली. तिने संत्र्यांची पिशवी आणली होती. आई काठापदराची साडी नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी हात जोडले आणि शाळेतल्या स्वागतसमारंभाच्या आवाजात म्हणाल्या, “हॅपी ट्वेंटी-फिफ्थ जून!”

ग्रेस उंबऱ्यातच थांबली. “हॅपी?”

“युवर नॅशनल डे.”

ग्रेसने साडीकडे पाहिले, टेबलावरच्या पुऱ्यांच्या डोंगराकडे पाहिले, केशर घातलेल्या श्रीखंडाकडे पाहिले. मग अगदी हळू आवाजात, जणू आपलेच काही चुकत असावे अशा सुरात, ती म्हणाली, “शायला... दॅट डे, वॉर स्टार्टेड.”

स्वयंपाकघरातून मिहिरच्या खोकण्याचा आवाज आला. तो खोकला नव्हता.

“अगं बाई!” आई म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उतरला की मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. “मधुवंती, मी युद्धाला गोडधोड केलं गं. सॉरी, ह्येसुकबाई. व्हेरी सॉरी. आय टीचर. हिस्टरी टीचर!”

त्या ‘हिस्टरी टीचर’ला ग्रेस हसू लागली, आणि हसता हसता दाराला धरून वाकली. आईंनाही राहवेना. डोळे पुसत ग्रेस आत आली, चपला काढल्या आणि सांगू लागली की तिच्या लहानपणी त्या दिवशी शाळेत नुसता मिठाच्या भाताचा मुठीएवढा गोळा देत. बाकी काही नाही. युद्धातली भूक मुलांना कळावी म्हणून. तिने श्रीखंडाचा चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. “शुगर इज बेटर,” ती म्हणाली.

जेवणे झाल्यावर सिनेमा बदलावा असे मी सुचवले. युद्धाच्या दिवशी युद्धाचाच सिनेमा, तोही जिची ती आठवण आहे तिला दाखवायचा, हे मला बरे वाटेना. पण ग्रेस म्हणाली, नो वरीज, लाव. ती आईंच्या शेजारी सोफ्यावर बसली, मिहिर उरलेल्या पुऱ्यांची थाळी घेऊन जमिनीवर, मी रिमोट घेऊन खुर्चीत.

सिनेमा एका टेकडीचा होता. वरच्या लोकांनी शांततेची बोलणी सुरू केली आहेत, आणि ती चालू असेपर्यंत खालच्या लोकांनी टेकडी लढवत राहायची. आज टेकडी यांच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. ग्रेसने सुरुवातीलाच शिपायांच्या कपड्यांवर शेरा मारला, “टू क्लीन.” मग तिची मान हळूहळू कलली.

“झोपली!” आई कुजबुजल्या. “तिचं युद्ध, आणि ती झोपली!”

“श्रीखंड जास्त झालं असेल.”

“आय हिअर,” ग्रेस डोळे न उघडता म्हणाली. तिला ‘श्रीखंड’ शब्द कळला होता. तिने सरळ बसत सांगितले की तिला हे सिनेमे आवडत नाहीत, नवऱ्याला आवडतात. फार रडतात. तिला लव्ह स्टोरी बरी वाटते, कारण लव्ह स्टोरीला शेवट असतो.

“पण हेही संपलं ना?” आईंनी विचारले. “तह झाला ना? ट्रीटी?”

“नो ट्रीटी. स्टॉप्ड. नॉट फिनिश्ड.”

ग्रेस म्हणाली, तिच्या आईची थोरली बहीण पलीकडे राहिली. आधी वाटले महिन्याभरात येईल, मग वाटले वर्षभरात. मावशी असेल किंवा नसेल. तिची आई वारली तेव्हाही ते काही कळले नव्हते. हे सांगून झाल्यावर तिने मिहिरच्या थाळीतली एक पुरी उचलली आणि उरलेल्या श्रीखंडाची वाटी पुसून घेतली.

“सत्तर वर्षं,” आई मराठीत म्हणाल्या, माझ्याकडे न बघता. “कारणं आहेत, घटना आहेत, परिणाम आहेत, आणि शेवट नाही. हा धडा मी मुलींना शिकवला तरी कसा?”

टीव्हीवर आता एक तंबू होता. तंबूत लांब टेबल, टेबलाच्या एका बाजूला या देशाचे अधिकारी, दुसऱ्या बाजूला त्या. इस्त्रीचे गणवेश. कोणी हलत नव्हते. एकाच्या बोटांतल्या सिगारेटची राख लांबत चालली होती.

“वाच ना पुढं,” आई म्हणाल्या.

“काही नाहीये, आई.”

“म्हणजे?”

“कोणी बोलत नाहीये. खाली काही लिहिलेलंच नाही.”

आम्ही वाट पाहिली. तंबूबाहेर कुठेतरी तोफ वाजली, तरी टेबलावरचे डोळे हलले नाहीत. राख पडली. कॅमेरा एका बाजूच्या चेहऱ्यांवरून दुसऱ्या बाजूच्या चेहऱ्यांवर गेला आणि परत आला. आमच्या खोलीतही कोणी बोलत नव्हते, कारण बोलण्याचे काम माझे होते आणि माझ्याकडे वाक्य नव्हते.

“ट्रू स्टोरी,” ग्रेस म्हणाली. तिच्या शाळेतल्या गुरुजींनी सांगितले होते, असे ते खरेच बसले होते. तासच्या तास. एक शब्द नाही. मग उठून गेले.

“पण का?” आईंनी विचारले. “व्हाय?”

ग्रेसने खांदे उडवले. “फर्स्ट टॉक, लूज.” जो आधी बोलेल तो हरला.

“आणि बाहेर माणसं?”

“आउटसाइड, हिल.”

आई पडद्याकडे बघत होत्या. मग त्यांनी खाली मिहिरकडे पाहिले. तो थाळीतल्या पुरीचे बारीक तुकडे करत होता. मग माझ्याकडे पाहिले. मी रिमोटवरची बटणे बघत होते.

“आई,” मिहिर म्हणाला, “श्रीखंड मस्त झालं होतं हं.”

आईंना हसू फुटले. आधी नुसते खांदे हलले, मग त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. “अरे, हे तर आपणच आहोत! रोज रात्री जेवायला बसतो ते! मधुवंती, तो डावीकडचा मिहिर. काहीही झालं तरी चेहरा हलत नाही. आणि ती राख सांभाळत बसलेली तू.”

“आणि तू कोण?” मिहिरने विचारले. तोही लाल झाला होता.

“मी तो तंबू. थांबव गं ते.”

मी सिनेमा थांबवला. टेबलाच्या दोन्ही बाजू जागच्या जागी राहिल्या.

“तुम्हाला विचारता येत नाही, हे मला कळतंय,” आई म्हणाल्या. हसू अजून पूर्ण गेले नव्हते, पण आवाज वर्गातला झाला होता. “सुधाचा फोन मला येत नाही का? अनुष्का खोलीसाठी अडून बसलीय. रोज रात्री वाटतं, आज बोलावं. आणि जीभ उचलत नाही. का माहितीय? मला इथं काही कमी नाही. काही बिनसलं असतं ना, तर पहिल्या महिन्यातच बोलून मोकळी झाले असते.”

“आई, तू राहा ना,” मिहिर म्हणाला. “अनुष्काचं बघू आपण काहीतरी. शी विल मॅनेज.”

आता माझी पाळी होती, आणि माझ्याकडे दुसऱ्या कोणाचे वाक्य नव्हते. “तुम्ही राहा, आई,” मी म्हणाले. “हे मी सून म्हणून म्हणत नाहीये.”

“माहितीय मला,” त्या म्हणाल्या. “शनिवारी तू किती थांबवून थांबवून वाचायला लागलीस, सिनेमा लवकर संपू नये म्हणून, ते काय मला दिसत नाही? म्हणून तर जास्त अवघड झालं. मिहिर एकटा असता तर केव्हाच सांगून टाकलं असतं.”

“अरे वा,” मिहिर म्हणाला. “थँक्स हं, आई.”

“गप रे.” त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. “हे बघ, इथं मी मिहिरची आई आहे. चांगलं आहे ते, माझी तक्रार नाही. पण तिकडे मी भाजी घ्यायला गेले तरी कोणीतरी मागून ‘बाई’ म्हणून हाक मारतं. चाळिशीच्या बायका झाल्यात त्या मुली, तरी रस्त्यात वाकून नमस्कार करतात आणि सनावळ्या विसरल्याचं कबूल करतात. मला ते लागतं. या वयात माझं मला कळलंय ते.”

ग्रेसने माझ्याकडे पाहिले. “व्हॉट शी सेज?”

“सांग तिला,” आई म्हणाल्या. “बाहेरच्या माणसासमोर बोलले म्हणजे मला मागं घेता येणार नाही. नीट सांग, काही गाळू नकोस.”

त्या सोफ्यावर ताठ बसल्या, पदर सारखा केला, आणि मला सांगता यावे म्हणून एकेक शब्द सुटा सुटा करत म्हणाल्या, “मी ऑगस्टच्या शेवटी पुण्याला परत जाणार आहे, आणि तिथंच राहणार आहे.”